आमच्या फ्रिजवरचा पिवळा स्टिकर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, फ्रिजवर ते पिवळं काय चिकटलंय? दुकानाचं लेबल काढायचं राहिलं का?"

राहिलं का! तुमच्या आईच्या कंपासपेटीवरचंसुद्धा लेबल मी गरम पाणी आणि खोबरेल तेल लावून काढत असे, तिला विचारा. आपल्या घरात लेबलं राहत नाहीत. तो स्टिकर मी लावू दिलेला आहे, तोही जागा दाखवून. त्याची हकीकत कॉलवर सांगण्यासारखी नाही, कारण तुमच्याकडे मध्येच कुणीतरी "आजी, एक मिनिट" म्हणतं आणि ते मिनिट पुढच्या रविवारी संपतं. म्हणून लिहूनच काढते. नीट क्रमानं लिहायचा विचार होता, पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो क्रमानं आठवत नाही. आठवतो तो तक्रार करतानाच.

स्टिकर आमच्या घरमालकांचा. डोकमर्डीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो तेव्हा खाली ते आणि वहिनी, दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. तुमचे आजोबा जवळच्या सायली गावात धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, आणि घरमालक त्याच कारखान्यात क्वालिटीचे साहेब. म्हणजे आजोबा मशीन दुरुस्त करायचे आणि हे गृहस्थ त्यातून निघालेल्या धाग्याला नावं ठेवायचे. पगार दोघांचाही वेळेवर होत असे.

कारखान्यात धाग्याच्या प्रत्येक खोक्यावर तीनपैकी एक स्टिकर लागतो. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड, अजून ठरलेलं नाही, बाजूला ठेवा, पुन्हा तपासा. इतरांचे स्टिकर कारखान्याच्या फाटकाशी संपत. आमच्या घरमालकांचे शर्टाच्या खिशातून घरी येत. आम्ही सामान उतरवलं त्या दिवशी ते मदतीला म्हणून वर आले, आमचा पलंग एकदा हलवून पाहिला, आणि त्याच्या पायावर लाल स्टिकर लावून खाली गेले.

"हा माणूस स्वागताला आला होता की ऑडिटला?" आजोबा म्हणाले. त्यांना राग याचा आला होता की पाय खरंच हलत होता.

पुढे सगळ्यांनाच सवय झाली. माझ्या लिंबाच्या लोणच्याला लाल. समोरच्या गणपती मंडळाच्या लाउडस्पीकरला लाल. त्यांच्या स्वतःच्या मेहुण्याच्या लग्नपत्रिकेला लाल, कारण छपाई तिरकी होती; लग्न पुढे सुखाचं झालं, तो भाग त्यांच्या कक्षेत येत नव्हता. आमलीच्या बाजारात भाजीवाली त्यांना पाहिलं की टोपलीवर पदर ओढायची. "साहेब, लेवुं होय तो ल्यो, पण टामेटां पर पट्टी ना लगाडो!" हिरवा स्टिकर मिळालेल्या गोष्टी मला मोजक्याच आठवतात: दमणगंगेच्या पुलाचा कठडा, एक छत्री, आणि आजोबांनी बसवलेली पाण्याची मोटर. त्या मोटरीवर आजोबा आजही ओलं फडकं फिरवू देत नाहीत.

पिवळा मात्र त्यांनी कधी कशालाच लावला नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, माझ्या लोणच्याला निदान होल्डवर तरी ठेवायचं. मुरलं की चव बदलते."

"होल्ड हा निर्णय नाही, मॅडम," ते म्हणाले. "निर्णय घ्यायला घाबरलेल्या माणसाची ती पळवाट आहे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी सांगतो, पास करा नाहीतर फेका. होल्डचा ढीग लावून गोडाउन अडवू नका."

निवृत्त झाल्यावर लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात. हे तिन्ही रंगांच्या स्टिकरांची रिळं घेऊन आले. लाल रीळ बघता बघता संपलं. हिरव्याचा जेमतेम वरचा वेढा सुटला. पिवळं प्लॅस्टिकच्या वेष्टनातच राहिलं.

त्यांचं दुसरं खूळ बरण्यांचं. धाग्याच्या प्रत्येक लॉटमधली एक बॉबिन कारखान्यात जपून ठेवतात. उद्या गिऱ्हाइकानं तक्रार केली तर ती काढायची आणि ताडून पाहायची. याला ते 'रिटेन' म्हणत. "ज्याच्याकडे रिटेन नाही त्यानं तक्रार करू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. तक्रार करायची हौस दांडगी, त्यामुळे घरात रिटेनही दांडगं. तूरडाळ, चहा, मीठ, हळद, प्रत्येक खरेदीतलं चमचाभर काढून काचेच्या छोट्या बरणीत, वर चिठ्ठी. एका कपाटात फक्त दिवाळीचे चिवडे होते, वर्षवार.

"माझ्या सासूबाई वेळेवर गेल्या व ताई," वहिनी मला म्हणायच्या, "नाहीतर त्यापण बरणीत असत्या."

वहिनी अमळनेरच्या. बोलणं खानदेशी, हसणं मोठं, आणि हाताला चव अशी की त्यांच्या शेवभाजीवर तुमचे आजोबा माझ्यासमोर बिनदिक्कत दुसऱ्यांदा वाटी पुढे करत. अशा बाईला त्या माणसानं संसारात एकदाही हिरवा स्टिकर दिला नाही. "सुधारणेला वाव आहे," म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "हो ना, तुम्ही बाहेर जेवायला गेले की लगेच सुधारणा होते."

आता त्यांच्या खऱ्या प्रेमाबद्दल. कारखान्याच्या लॅबमध्ये एक पेटी होती. टेबलावर मावेल एवढी, आत लोहचुंबक. धाग्याला तेलाचा हलका हात द्यावा लागतो, नाहीतर तो मशीनवर तुटतो. तेल नेमकं किती लागलंय ते ही पेटी सांगायची. धाग्याचा बोळा काचेच्या नळीत घालून चुंबकात ठेवायचा. तेलातला हायड्रोजन एका तऱ्हेनं उत्तर देतो, धाग्यातला दुसऱ्या. त्यावरून आकडा येतो. घरमालक या पेटीबद्दल जसं बोलत तसं वहिनींबद्दल बोलले असते तर वहिनींनी त्यांना रोज पुरणपोळी घातली असती. "हायड्रोजनला नुसता धक्का द्या, मॅडम. तो कुणाच्या घरी राहतो ते स्वतः सांगतो."

पेटीच्या वर भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं: आधी माप, मग मत. कुठलाही आलेख हातात आला की आधी बाजूची पट्टी, म्हणजे माप, मोठ्यानं वाचायचं. त्यानंतर तोंड उघडायचं. हाताखालच्या माणसांनी हे केलं नाही तर ते कागद परत देत. घरीही तेच. वहिनींच्या साखरेचा रिपोर्ट आला की वहिनींना उभं राहून आधी माप वाचावं लागे. मग मत ते देत.

एका उन्हाळ्यात वहिनींची आमटी खारट झाली.

डब्याला लाल स्टिकर लागला. पुढच्या आठवड्यात पुन्हा खारट, पुन्हा लाल. हे अमळनेरच्या बाईच्या हातून होतंय याचं नवल आम्हाला वाटलं. त्यांना वाटलं ते मिठाबद्दल. "लॉटमध्ये फरक आहे," त्यांनी जाहीर केलं. बरण्या निघाल्या. जुनं मीठ, नवं मीठ, पाण्यात विरघळवून, वजन करून, चाखून. आमलीच्या वाण्याकडे जाऊन त्यांनी लेखी तक्रार दिली. वाणी हात जोडून म्हणाला, "साहेब, मीठुं तो मीठुं ज होय ने!" मग वहिनींच्या उजव्या हातातून भांडी निसटायला लागली. यांनी भांड्यांच्या मुठींना रबर बसवलं. त्या माणसानं मीठ तपासलं, पाणी तपासलं, पातेली तपासली, मुठी तपासल्या. तपासायची राहिली ती फक्त स्वयंपाक करणारी.

"मी म्हातारी होऊ राहिले, दुसरं काय," वहिनी म्हणत.

एकदा मी खाली गेले तर त्या ओट्याशी उभ्या होत्या. "ताई, ते द्या ना जरा... ते... पाणी तापवायचं..." समोर पातेलं होतं आणि शब्द सापडत नव्हता. मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले.

"साहेब, मीठ पुरे. वहिनींना डॉक्टरला दाखवा."

"मूळ कारण अजून सापडलेलं नाही, मॅडम," ते बरणीतून मान वर न करता म्हणाले.

मूळ कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. वहिनी ओट्याशी कोसळल्या, उजवा हात झटके देत होता. आजोबांनी गाडी काढली. इथल्या डॉक्टरांनी सुरतेला पाठवलं, आणि सुरतेला एमआरआयमध्ये डोक्याच्या डाव्या बाजूची गाठ दिसली. त्या दिवशी संध्याकाळी घरमालक एकटेच कपडे न्यायला घरी आले. मी किल्ली द्यायला खाली गेले तर ते आमटीच्या डब्यावरचे लाल स्टिकर नखानं खरवडत बसले होते. कागद निघाला होता, डिंक निघत नव्हता. मी वरून खोबरेल तेल आणून दिलं. त्यांना न बोलता बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

डॉक्टरांनी ऑपरेशन करून गाठ काढली, पण सगळी नाही. उरलेली अशा जागी होती की तिथे हात घातला असता तर वहिनींची वाचा गेली असती. ती रेडिएशननं आणि गोळ्यांनी जाळायची ठरली. आणि जळते की वाढते हे पाहण्यासाठी अधूनमधून एक खास तपासणी करायची होती.

ही तपासणी तुम्हाला समजेल अशी सांगते. साध्या एमआरआयमध्ये डोक्याच्या आतलं चित्र दिसतं. गाठ केवढी, कुठे, वगैरे. पण चित्रातला पांढरा डाग जिवंत गाठीचा आहे की रेडिएशननं भाजलेल्या भागाची सूज आहे, हे पुष्कळदा चित्रावरून कळत नाही. मग त्याच मशीनला वेगळा प्रश्न विचारतात: या एवढ्या चौकोनात कुठकुठली रसायनं आहेत? याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. उत्तर म्हणून चित्र येत नाही, आलेख येतो, लहानमोठ्या टेकड्यांचा. त्यातली एक टेकडी कोलीनची. पेशी भराभर वाढत असल्या की ती उंच होते. दुसरी एक निरोगी मज्जापेशींची खूण असते, ती गाठीच्या जागी खुजी होते. उपचार लागू पडले की कोलीनची टेकडी खाली यायला हवी.

पहिल्या तपासणीला मीही बरोबर गेले होते. घरमालकांना हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगायला घेतलं आणि त्यांचा चेहरा, तसल्या दिवसांतही, उजळला.

"ये तो हमारा ही मशीन है!"

डॉक्टरीणबाई सुरतेच्याच, तरुण, हसऱ्या. "अच्छा अंकल? आपका कितना बड़ा था?"

"टेबल पे आता था."

"ये टेबल पे नहीं आएगा," त्या म्हणाल्या.

पण त्यानं घरमालकांना काय फरक पडतो? कॅलिब्रेशन कधी केलं, चुंबक स्थिर आहे का, शरीरातल्या पाण्याचा सिग्नल कसा दाबता, असे प्रश्न त्यांनी तंत्रज्ञाला विचारले. बिचारा प्रत्येक प्रश्नाला "जी अंकल" म्हणत राहिला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंकल, आंटी धागा नहीं है."

"वही तो चिंता है," हे म्हणाले.

वहिनींना आत नेण्यापूर्वी बांगड्या काढायला लावल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा हात मोकळे झाले व ताई," त्या मला म्हणाल्या. शब्द सावकाश येत होते, पण येत होते. काचेपलीकडे पडद्यावर त्यांच्या डोक्याचं चित्र आलं आणि तंत्रज्ञानं गाठीवर एक छोटा चौकोन ठेवला. घरमालक तो पाहत होते. मग अचानक म्हणाले, "बेसलाइन नाही."

"क्या अंकल?"

"ही चांगली होती तेव्हाचं काही नाही. ताडून कशाशी पाहणार?" मग माझ्याकडे वळून मराठीत, "घरात मिठाचं रिटेन आहे, मॅडम. चिवड्याचं आहे. हिचं नाही."

डॉक्टरीणबाईंना मराठी कळत असावं, किंवा चेहरा कळला असावा. त्यांनी तंत्रज्ञाला खूण केली. चौकोन सरकत डोक्याच्या उजव्या बाजूला, अगदी समोरासमोरच्या जागी गेला.

"ये साइड अच्छी है, अंकल. इसीसे कंपेअर करते हैं. सँपल आंटी के पास ही है."

घरमालकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. परत लावला आणि पुन्हा काढला. क्वालिटीच्या साहेबाला एवढा वेळ काच साफ करायला लागावा हे शोभणारं नव्हतं, पण त्या दिवशी कुणी तपासायला नव्हतं.

रेडिएशन झालं. वहिनींचे केस गेले, भूक गेली. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, आणि चित्रातला पांढरा डाग आधीपेक्षा मोठा दिसला. सर्जन म्हणाले, गाठ वाढत असेल तर पुन्हा उघडावं लागेल, वाचेचा धोका पत्करून. रेडिएशनची सूज असेल तर उघडणं म्हणजे उगाच नुकसान. स्पेक्ट्रोस्कोपीचा आलेख काढला होता. तो वाचून डॉक्टरीणबाई दोन दिवसांनी सांगणार होत्या. एवढा साधा निरोप होता: दोन दिवस थांबा.

आता ज्या माणसानं आयुष्यात होल्ड लावला नाही तो दोन दिवस थांबणार? त्यांनी सेंटरमधून आलेखाचा कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोशाचं पीठ द्यायला खाली गेले तर ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते. जुना आलेख आणि नवा आलेख, एकावर एक, काचेला लावून, पाठीमागून ऊन. कारखान्यात धाग्याचे तक्ते ते असेच पाहत.

"वाढलंय," ते म्हणाले. आवाज सरळ होता, फार सरळ. "कोलीन वाढलंय. ही पाहा टेकडी, मॅडम. जुनीच्या वर गेलीय."

खरंच नवी टेकडी जुनीच्या डोक्यावरून बोटभर वर होती. मला आलेखातलं काही कळत नाही, पण उंच आणि बुटकं कळतं. माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

"मी सर्जनला फोन केलाय. म्हटलं, तारीख द्या. उगाच रेंगाळण्यात अर्थ नाही. दुपारपर्यंत कळवतो म्हणालेत."

वहिनी टेबलाशी बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. त्यांच्या पुढ्यात कपभर चहा गार झाला होता. त्यांची वाचा जायची की राहायची हे दुपारी फोनवर ठरणार होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. मग एकेक शब्द, जपून, जणू काचेची भांडी मांडताहेत असा ठेवत त्या म्हणाल्या:

"माप... वाचलं का?"

"अगं, दिसतंय ना समोर!"

"दिसू राहिलं. पण माप... वाचलं का तुम्ही? मोठ्यानं?"

वहिनींनी हात पुढे केला. त्यांनी कागद काढून दिले. वहिनींनी चष्मा लावला आणि साखरेचा रिपोर्ट वाचायला उभ्या राहत तशा टेबलाला धरून उभ्या राहिल्या. जुन्या कागदाच्या कडेची पट्टी, सगळ्यात वरचा आकडा, त्यांनी वाचला. एक अंक अडला, तो मी सांगायला गेले तर हातानं मला थांबवलं आणि स्वतःच शोधून काढला. मग नव्या कागदाचा. नव्या पट्टीचा आकडा जुन्यापेक्षा कितीतरी लहान होता.

मशीन असं करतं, हे मला नंतर कळलं. सगळ्यात उंच टेकडी जी असेल ती कागद भरून दिसेल असा आलेख ते ताणतं. सगळ्याच टेकड्या बुटक्या झाल्या तर बुटकीलाही ताणून उंच करतं. नव्या कागदाची खालची रेघ गवतासारखी खरबरीत झाली होती, ती त्या ताणण्यानंच. ज्या माणसानं हाताखालच्या पोरांना असल्या गवतावरून दिवसदिवस बोलून घेतलं होतं, त्याला आपल्या खिडकीत ते दिसलं नव्हतं.

घरमालक खुर्चीवर बसले. कागद हातात घेतला, पट्टी वाचली, ओठ हलवत, पुन्हा वाचली.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

मी घाबरले. "काय, साहेब?"

"मी."

"लाल संपले," वहिनी म्हणाल्या. "वाचले तुम्ही."

आणि हसल्या, पूर्वीसारख्या मोठ्यानं, रुमाल सुटेपर्यंत. त्यांनी फोन उचलून नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी सर्जनच्या मदतनिसाला तारीख नको म्हणून सांगितलं, उद्या रिपोर्ट आल्यावर बोलू म्हणाले. "थांबतो," हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडताना मी ऐकला. फार कष्टानं पडला. वहिनींचे हरवलेले शब्दसुद्धा त्यापेक्षा लवकर सापडत.

दुसऱ्या दिवशी सुरतेला डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांनाच झापलं. "अंकल, कागज़ पे कागज़ रख के नहीं देखते. हाइट नहीं, रेशो. अच्छी साइड के साथ. मैंने बताया था ना, सँपल आंटी के पास है?" आलेख काढण्याच्या वेळी समोरच्या निरोगी बाजूचाही घेतला होता. तिच्याशी ताडून पाहिलं तर कोलीन आधीपेक्षा खाली आलं होतं. डाग मोठा दिसत होता तो बहुधा रेडिएशनच्या सुजेचा. पण बहुधा, हे त्यांनी ठासून सांगितलं. शपथेवर कुणीच सांगू शकत नाही. आत्ता उघडायचं नाही, सुजेच्या गोळ्या द्यायच्या, तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं.

"म्हणजे पास नाही," घरमालक म्हणाले.

"नहीं अंकल."

"रिजेक्ट पण नाही."

"बिलकुल नहीं."

"मग होल्ड?"

"हाँ, होल्ड समझिए."

येताना आजोबांनी भिलाडच्या अलीकडे चहाला गाडी थांबवली. टपरीचा चहा पाणचट होता, तरी त्यावर घरमालकांनी मत दिलं नाही, तेव्हा आजोबांना खरी काळजी वाटली. घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं, पिवळ्या रिळाचं प्लॅस्टिक फाडलं, एक स्टिकर काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात लावला. अंगठ्यानं चारही कडा दाबल्या.

"डिंक अजून चांगला आहे," ते म्हणाले.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी सुरत. दर वेळी चौकोन आधी डावीकडे, मग उजवीकडे. दर वेळी डॉक्टरीणबाई म्हणत, "अंकल, होल्ड," आणि हे हिंदी-गुजराती-मराठी मिसळून त्यांचे असे आभार मानत जणू त्यांनी हिरवा दिला आहे. दारावर एकाखाली एक पिवळे स्टिकर जमत गेले. वहिनी पुन्हा शेवभाजी करू लागल्या. कधी मीठ जास्त, कधी घालायचंच राहिलेलं. घरमालक दोन्ही मुकाट खात. एकदा तर घासभर खाऊन म्हणाले, "उत्तम." वहिनींनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग ते गेले. तेही कशानं, तर हृदयविकाराच्या एका झटक्यानं, सकाळी पेपर वाचताना, पहिल्या पानावरच्या छपाईबद्दल काहीतरी बोलता बोलता. कुणी चौकोन ठेवला नाही, आलेख काढला नाही. दुसऱ्यांच्या वस्तू आयुष्यभर तपासणाऱ्या माणसाचं स्वतःचं रिटेन कुठे नव्हतं. वहिनींनी बरण्यांचं कपाट उघडून शोधलं असावं; तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण कपाट बरेच दिवस उघडं होतं. मग एके दिवशी त्यांनी सगळं मीठ एकत्र करून लोणच्याला वापरलं. चिवडे मात्र टाकून द्यावे लागले.

आता सुरतेला दर वेळी मीच जाते त्यांच्याबरोबर. गाडी आजोबाच चालवतात. डॉक्टरीणबाईंच्या केसांत आता पांढरं दिसतं. त्या वहिनींशी मराठी बोलायला शिकल्या आहेत, तेही खानदेशी. गेल्या महिन्यात त्यांनी आलेख पाहिला, वहिनींनी पट्टी मोठ्यानं वाचली, आणि त्या म्हणाल्या, "होल्ड आहे व आंटी."

घरी आल्यावर वहिनी रीळ घेऊन दाराशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. मी विचारलं काय झालं. त्यांनी दार दाखवलं. वरपासून खालपर्यंत, दोन्ही कडांनी, बिजागऱ्यांपर्यंत पिवळं. लावायला जागाच नव्हती.

"आता कुठं लावू व ताई?"

मी त्यांना हाताला धरून वर घेऊन आले आणि फ्रिजचा वरचा उजवा कोपरा दाखवला. त्यांनी स्टिकर लावला, अंगठ्यानं चारही कडा दाबल्या, आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

तेव्हा ते लेबल काढायचं राहिलेलं नाही, बाळांनो. आणि फ्रिज आपला डबल डोअरचा आहे.